हा बिघाड कुणाच्या घरचा?

रस्त्यावर थुंकणाऱ्याला पुणे महापालिका दंड करते आणि आमचे नानाकाका त्या दंडाचे कट्टर पुरस्कर्ते. जिन्याच्या कोपऱ्यांत देवादिकांच्या टाइल्स लावाव्यात, हा ठराव सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनीच मांडला होता. त्याच नानांना गेल्या हिवाळ्यात मी आरामखुर्चीत बसून, डोळे मिटून, अत्यंत एकाग्रतेनं एका प्लास्टिकच्या नळीत थुंकताना पाहिलं. नळीवर एक रेघ होती. लाळ त्या रेघेपर्यंत भरायची आणि फेस त्यात धरायचा नाही, अशी सूचना होती. नाना बँकेतून निवृत्त झालेले. ढोबळ लाळ वजा फेस बरोबर निव्वळ लाळ, हा हिशेब ते नळी उजेडाकडे धरून चष्म्याखालून तपासत होते.

"अहो, लोक थुंकल्याबद्दल पैसे भरतात, तुम्ही थुंकायला भरताय," माईकाकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"मी नाही, थोरल्यानं भरलेत," नाना नळीतून तोंड काढून म्हणाले, आणि तेवढ्यात थोडी लाळ लेख्याबाहेर गेली.

थोरला म्हणजे माझा चुलतभाऊ. न्यू जर्सीला असतो. पूर्वी येताना बदाम आणायचा, मग शॅम्पू आणायला लागला, मग रक्तदाबाचं यंत्र. या खेपेला त्यानं वडिलांसाठी जनुकीय तपासणीचा खोका आणला होता. थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, या एका अटीवर सगळा प्रकल्प बुडायच्या बेतात आला. कारण नानांच्या दिवसात चहाविना असा सलग अर्धा तास शोधण्यातच थोरल्याची सुट्टी संपत आली. शेवटी परत जाताना त्याच्या बॅगेत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि वडिलांची लाळ असा ऐवज होता.

अहवाल आला तो ईमेलवर. नानांचा पडद्यावरच्या मजकुरावर विश्वास नाही. त्यांनी तो कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगीत छापून घेतला, स्पायरल बाइंडिंग केलं आणि वर पारदर्शक कव्हर घातलं. मग संध्याकाळी बागेतल्या बाकावर त्याचं प्रकाशन झालं. त्या बाकावर आजवर साखर, कोलेस्टेरॉल आणि प्रोस्टेट यांचेच आकडे निघत. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कुणीतरी "माझ्या एक नंबरच्या गुणसूत्रावर बदल आहे" असं म्हणालं, आणि अँजिओप्लास्टी झालेले दोघे जण एकदम मागच्या रांगेत गेले.

बदल होता तो एमटीएचएफआर नावाच्या जनुकात. हे जनुक शरीरात एक विकर तयार करतं आणि ते विकर जेवणातून आलेल्या फोलेटला, म्हणजे पालेभाज्या-डाळींतल्या बी गटाच्या एका जीवनसत्त्वाला, पेशींच्या कामाचं रूप देतं. जनुकातल्या ६७७ क्रमांकाच्या जागी बहुतेकांत 'सी' हे अक्षर असतं, नानांच्या तिथे 'टी' आहे. त्या एका अक्षरानं विकराच्या साखळीतला २२२वा दुवा बदलतो आणि ॲलॅनिनच्या जागी व्हॅलिन बसतं. संशोधकांनी हा बदल १९९५ साली नेमका हुडकला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एकाच प्रतीत 'टी' असेल तर विकराचं काम साधारण पासष्ट टक्क्यांवर येतं. दोन्हींत असेल तर तीस टक्क्यांवर. नानांच्या दोन्हींत होता.

"तीस टक्के!" बाकावरचे निवृत्त प्राध्यापक हळहळले.

"आमच्या शाखेत तीस टक्के काम करणारा क्लार्क मी वरच्या जागेसाठी सुचवला असता," नाना म्हणाले. पण चेहऱ्यावर एक समाधान होतं. आपण दुपारी दोन ते चार का झोपतो, एलआयसीचे हप्ते का विसरतो, मेहुण्याचा आवाज ऐकला की डोकं का चढतं, या सगळ्याला त्यांना एकदम शास्त्राचा आधार मिळाला होता. त्यातून अहवालात असंही लिहिलं होतं की हे बदललेलं विकर उष्णतेनं लवकर निकामी होतं. झालं! "मी आयुष्यभर सांगत आलो, मला उष्ण पडतं. पपई पडते, बाजरी पडते. आता अमेरिकेनं लिहून दिलं." ती उष्णता परीक्षानळीतली असते, त्या विकराची रायबोफ्लेविनवरची, म्हणजे बी-२ वरची पकड सैल असते म्हणून ते लवकर विसकटतं, पपईचा यात काही संबंध नाही, हे मी सांगून पाहिलं. पण पुराव्यासमोर युक्तिवाद टिकत नाही, आणि पुरावा स्पायरल बाइंडिंग केलेला होता.

खरी सुनावणी घरी झाली.

"आमच्याकडे असलं काही नव्हतं," माईनं अहवाल न उघडताच जाहीर केलं.

"तुझ्याकडचं आहे असं कोण म्हणालं?"

"म्हणाल थोड्या वेळानं. थोरल्याचा चष्मा आमच्याकडचा, धाकट्याचं टक्कल आमच्याकडचं, गणितात पस्तीस मार्क पडले तेव्हा तुमच्या आईनं माझ्या भावाचं नाव घेतलं होतं. आता हा बिघाड कुणाच्या घरचा ते स्पष्ट होऊ दे."

या बाबतीत विज्ञान पूर्णपणे माईच्या बाजूनं उभं राहिलं. नानांच्या दोन्ही प्रतींत 'टी' आहे, म्हणजे एक त्यांच्या आईकडून आला आणि एक वडिलांकडून. तिसरं कुणी यात येऊच शकत नाही. थोरल्यानंही आपली तपासणी करून घेतली होती. त्याच्या एका प्रतीत 'टी' आणि एकीत 'सी' निघाला. ज्या बापाकडे दोन्ही 'टी' आहेत तो मुलाला 'टी'शिवाय देणार काय? म्हणजे थोरल्याचा 'टी' नानांचा, आणि जो नीटनेटका 'सी' त्याला मिळाला तो माईचा. हे कागदावर चौकटी आखून समजावून दिल्यावर माईनं तो कागद देवघरातल्या कप्प्यात ठेवला. स्वतः नळीत थुंकायला मात्र ती आजतागायत तयार नाही. निर्दोष सुटल्यावर पुन्हा साक्षीला कशाला उभं राहायचं, असा तिचा सवाल आहे.

साताऱ्याहून आत्याचा फोन आला. "आपल्या घराण्यात हे शक्य नाही. वहिनीच्या, म्हणजे आमच्या आईच्या माहेरचं असेल." त्या काळी आईला वहिनी म्हणायची पद्धत होती. पण इथे एक अडचण आली. नानांच्या वडिलांनी मामाची मुलगी केली होती. म्हणजे आईचं माहेर हेच वडिलांचं आजोळ. दोन्ही 'टी' एकाच वाड्यातून, एकाच पणजोबांपासून दोन वाटांनी चालत येऊन नानांच्या ठिकाणी पुन्हा भेटले असण्याची दाट शक्यता. नात्यातल्या लग्नांत हेच होतं. निरुपद्रवी अक्षर असेल तर गंमत, घातक असेल तर फार वाईट. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "थंडी पडलीय का रे पुण्यात?"

आणि दोन्हीकडच्या कुळांना दोष देता येणार नाही असाही एक प्रकार आहे. प्रत्येक मूल जन्मताना आई-वडिलांपैकी कुणाकडेच नसलेले साठ-सत्तर कोरे करकरीत बदल घेऊन येतं. मुळात ३ अब्ज अक्षरांची नक्कल करायची म्हणजे कारकुनाच्या हातून एवढं व्हायचंच. यातले बहुतेक बदल वडिलांकडून येतात आणि वडिलांचं वय जितकं जास्त, तितके ते वाढतात. धाकटा झाला तेव्हा नाना एकोणचाळीस वर्षांचे होते. माईनं हे वाक्य मला दोनदा वाचायला लावलं.

तरी माणसाला आपल्यात बदल आहे म्हटलं की आपण कुठेतरी मोडलो आहोत असं वाटतं, आणि याला उतारा म्हणून मी नेहमी दुधाचं उदाहरण देतो. आमच्या सोसायटीत कोजागरीला गच्चीवर दूध आटवतात. केशर, वेलदोडा, जायफळ, वर चारोळी. चंद्र पाण्याच्या टाकीमागून वर येईपर्यंत दुसरा पेला होतो आणि मग काही सभासद, कुणाचा निरोप न घेता, झपाट्यानं जिना उतरू लागतात. बाकीचे त्यांच्याकडे पाहून "पचत नाही बिचाऱ्यांना" असं हळहळतात. वस्तुस्थिती उलटी आहे. अंगावरचं दूध सुटलं की दूध पचवणारं लॅक्टेज बंद पडायला लागतं, ही सगळ्या सस्तन प्राण्यांची मूळ रीत. जिना उतरणारी मंडळी ती निष्ठेनं पाळतात. ज्यांना म्हातारपणीही दोन पेले पचतात ते बदललेले. त्यांच्यात एका अक्षराचा फेरफार आहे, म्हणून त्यांचं लॅक्टेज बंदच होत नाही. भारतातल्या दूध पचवणाऱ्या बऱ्याच लोकांत आणि युरोपातल्या लोकांत तो बदल अगदी एकच निघाला. गंमत म्हणजे तो लॅक्टेजच्या जनुकात नाहीच, शेजारच्या जनुकात बसलेला आहे आणि तिथून हे जनुक चालू ठेवतो. सोसायटीत याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. आपल्या घरातल्या गोष्टी शेजारी चालवतात, हा सर्वांचाच अनुभव होता.

पण नानांना दुधात रस नव्हता. त्यांना औषध हवं होतं. एवढा मोठा दोष सापडला आणि त्यावर काही करायचं नाही, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. यूट्यूबवर एक गृहस्थ सापडले. त्यांच्या मते एमटीएचएफआरवाल्यांना साधं फॉलिक ॲसिड म्हणजे विष. त्यांनी 'मिथाइल' फोलेटच घ्यावं, आणि ते त्यांच्याच दुकानात मिळत होतं. बाटली आली. निळ्या काचेची, आत कापसाचा बोळा. माईनं किंमत विचारली, तेव्हा नानांना अचानक कमी ऐकू यायला लागलं.

खरं तर या जनुकावर अमेरिकेत इतकं पाणी वाहून गेलं आहे की तिथल्या वैद्यकीय आनुवंशशास्त्राच्या संस्थेनं २०१३ मध्येच डॉक्टरांना सांगून टाकलं, रक्ताच्या गुठळ्यांचं कारण शोधताना ही तपासणी मागवू नका. तिथलं सरकारी रोगनियंत्रण केंद्र, सीडीसी, स्पष्ट लिहितं की असा बदल असलेली माणसंही फॉलिक ॲसिडसकट सगळ्या प्रकारचं फोलेट वापरू शकतात. तेवढंच फॉलिक ॲसिड घेऊन दोन्ही 'टी'वाल्यांच्या रक्तातलं फोलेट दोन्ही 'सी'वाल्यांपेक्षा सरासरी १६ टक्क्यांनी कमी भरतं. विकर तीस टक्के, पण फटका सोळाच टक्के. तीस टक्के काम करणाऱ्या क्लार्कची शाखाही चालते, हे नानांना वास्तविक ठाऊक असायला हवं होतं.

आणि फोलेटची एवढी चिंता पुण्यामुंबईच्या माणसानं करावी, यात आणखी एक मौज आहे, कारण या जीवनसत्त्वाचा शोधच मुंबईत लागला. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसून गरोदर बायकांच्या एका जीवघेण्या रक्तक्षयाच्या मागे लागल्या. गिरणीत काम करणाऱ्या, गरीब घरातल्या बायकांना तो होई. जंतू शोधले, सापडले नाहीत. मग बाईंनी जेवणाकडे पाहिलं. या बायकांच्या ताटासारखं निकृष्ट अन्न माकडांना दिलं तर माकडांनाही रक्तक्षय झाला, आणि मार्माइट, म्हणजे यीस्टचा तो काळा, खारट, वासट लगदा चारल्यावर माकडं सुधारली. मग बायकांना दिला, त्याही सुधारल्या. १९३१ साली हे छापून आलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे ते बाईंना माहीत नव्हतं. ते फॉलिक ॲसिड होतं, आणि ते वेगळं काढायला १९४१ उजाडलं. अमेरिकेत टेक्सासला चार टन पालक त्यासाठी खर्ची पडला. चार टन पालकाची गड्डी निवडायला कोण बसलं असेल, हा माईचा प्रश्न रास्त आहे.

आमच्या घरी मात्र फोलेट उतू जातं. सोमवारी मेथी, मंगळवारी चाकवत, अधूनमधून अंबाडी आणि सणाला अळूचं फदफदं. शिवाय वरण, उसळी, शेंगदाण्याचा कूट. माई पालक उकडते, त्याचं हिरवं पाणी मोरीत ओतते आणि त्याबरोबर बरंचसं फोलेटही घालवते, कारण ते पाण्यात विरघळतं आणि आचेनं मरतं. ते पाणी आमटीत घाल म्हटलं तर "रंग बघितलास का?" असं विचारते. एवढं मोरीत गेलं तरी उरतं ते पुष्कळ. उणीव होती ती भलत्याच गोष्टीची.

ती सापडली आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे. नाना अहवाल घेऊन गेले. डॉक्टरांनी तो हातात घेऊन जोखला, "छान बाइंडिंग केलंय" म्हणाले आणि ज्या टेबलाचा पाय डुगडुगतो त्यावरच्या रक्तदाबाच्या यंत्राखाली सरकवला. यंत्र समतल झालं.

"नाना, पायाला मुंग्या येतात ना?"

"येतात. पण ते जनुक..."

"मधुमेहाची मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे?"

"झाली असतील बारा-तेरा."

"मांस, मच्छी, अंडं?"

नानांनी माईकडे पाहिलं. माईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"दूध?"

"चहात पडतं तेवढं."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन अक्षरं खरडली: बी-१२.

तपासणीत ते इतकं कमी निघालं की प्रयोगशाळेतून आधी फोन आला. नानांचा चेहरा पडला. एवढा आंतरराष्ट्रीय दर्जाचा जनुकीय दोष हाती असताना, सोसायटीतल्या प्रत्येक तिसऱ्या माणसाला असते ती बी-१२ची कमतरता आपल्याला व्हावी, यात त्यांना मानहानी वाटली. बाकावर सांगायचं तरी कसं?

आता निळ्या बाटलीचं काय झालं ते पाहा. नानांचं ते तीस टक्केवालं विकर फोलेटवर मिथाइल नावाचा एक लहानसा गट चढवतं. तो गट पुढे उतरवून घेतं ते बी-१२, आणि त्याच्या जोरावर होमोसिस्टीन नावाच्या रक्तातल्या नको असलेल्या द्रव्याचं मेथिओनिन होतं. बी-१२च नसेल तर मिथाइल चढवलेलं फोलेट जागच्या जागी अडकतं. मागेही फिरता येत नाही, कारण हा रस्ता लक्ष्मी रस्त्यासारखा एकदिशा आहे. म्हणजे नाना महागातलं मिथाइल फोलेट भरपूर आत पाठवत होते आणि ते सगळं चौकात कोंडून उभं होतं. याहून वाईट म्हणजे फॉलिक ॲसिडचा मारा केला की बी-१२च्या अभावानं होणारा रक्तक्षय वरवर सुधारतो, रक्ताचा रिपोर्ट गोंडस दिसतो आणि आत नसांची हानी चालूच राहते. मुंग्या त्या नसांतून येत होत्या.

पुण्यात ही गोष्ट कळायला अमेरिकेहून नळी यायची गरज नव्हती. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला, तो पिढी ओलांडून चालला आहे. त्यात दोन तृतीयांश आयांना बी-१२ कमी निघालं. फोलेट कमी निघालेली बाई किती? एक. आणि ज्या आयांचं फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढच्या मधुमेहाची, लक्षणं सर्वांत जास्त. एकाही अक्षराचा फेरफार न होता, फक्त आईच्या ताटातून.

याच डॉ. याज्ञिकांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. शेजारी लंडनचे प्रा. यडकिन. दोघे सडपातळ, दोघांचा उंची-वजनाचा बीएमआय तंतोतंत २२.३. मग क्ष-किरणांनी दोघांची चरबी मोजली. इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के आणि पुणेकराच्या अंगात २१.२. स्वतःच्या अंगातली चरबी टक्केवारीसह जगासमोर मांडायला जे धैर्य लागतं ते वैद्यकीय क्षेत्रात दुर्मीळ आहे, आणि पुण्यात तर अशक्यच वाटत होतं. नाना हा फोटो पाहून म्हणाले, "मीही बारीकच आहे." माई म्हणाली, "तेच तर ते सांगतायत."

धाकट्याची कथा लांबवत नाही. त्यानं जिममधल्या सल्लागाराकडून वेगळी तपासणी करून घेतली. त्यात त्याला 'कर्बोदकं मानवत नाहीत' असं निघालं, म्हणून तो आंबेमोहोर भाताच्या वासासमोर बसून उकडलेली ब्रोकोली खातो. अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ माणसांवर वर्षभर हेच तपासलं होतं. निम्म्यांना कमी चरबीचं जेवण, निम्म्यांना कमी कर्बोदकांचं, आणि कुणाच्या जनुकांना काय 'मानवतं' तेही आधी पाहून ठेवलेलं. २०१८ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलोनं उतरलं आणि जनुकांनी काहीही फरक पाडला नाही. हे मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, त्यात महाराष्ट्रीय माणसं नव्हती. हे मात्र उत्तर नानांकडून आलं आहे, त्यासाठी तपासणीची गरज नाही.

मध्यंतरी माझी भाची जेवायला आली. ती सातपुड्यात, नंदुरबारच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रावर डॉक्टर आहे. नानांनी अहवाल पुढे केला. (डॉक्टरांकडून तो परत आणला होता, टेबलाखाली आता लाकडाची चिपटी आहे.) तिनं नेमकं पान काढलं, वाचलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं पण व्हॅलिनच की."

तिच्याकडच्या रुग्णांचंही एकच अक्षर बदललेलं असतं. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. नानांच्या २२२व्या जागेवरच्या व्हॅलिननं घरात करमणूक झाली. त्या सहाव्या जागेवरच्या व्हॅलिननं रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि आठ वर्षांचं पोर हाडं दुखतात म्हणून रात्रभर ओरडतं. हा सिकलसेल. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, आणि विदर्भातल्या इतर जिल्ह्यांत, आदिवासींत आणि दलित समाजांतही तो आहे. एका प्रतीत बदल असला तर माणूस वाहक असतो, त्याला बहुधा काहीच होत नाही, त्यामुळे त्याला पत्ताही नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की मूल दोन्ही प्रती बिघडलेल्या घेऊन येईल.

"तिथेही विचारतात का, बिघाड कुणाच्या घरचा?" माईनं विचारलं.

"विचारतात. आणि सुनेला माहेरी पाठवतात," भाची म्हणाली. "दोन्हीकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही, हे सांगायला मी चौकटी आखून दाखवते." माई उठली आणि देवघरातला तो कागद घेऊन आली. दोघींनी चौकटी ताडून पाहिल्या. सारख्याच होत्या.

त्या पोरांना ती काय देते, असं नानांनी विचारलं. दुखणं कमी करायला हायड्रॉक्सीयुरिया, आणि रक्तपेशी भराभर तुटतात, नव्या भराभर लागतात, म्हणून रोज एक फॉलिक ॲसिड. साधी, लहान, पिवळी गोळी. यूट्यूबवरच्या गृहस्थांनी विष म्हणून सांगितली होती तीच. नानांनी निळी बाटली तिला देऊ केली. भाचीनं लेबल वाचलं, किंमत वाचली आणि हसून परत ठेवली. "आजोबा, याच्या पैशात माझ्या केंद्राचं वर्ष निघेल."

नानांना हल्ली बी-१२ची इंजेक्शनं चालू आहेत. औषध लालभडक असतं, कारण त्यात कोबाल्ट आहे. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम बी-१२ एका माणसाला हजार वर्षं पुरेल, आणि तेवढंही आपल्या ताटात येत नाही, कारण ते बनवतात फक्त सूक्ष्मजीव आणि ते आपल्यापर्यंत पोहोचतं दूध, अंडी, मासे, मांस यांतून. इडलीचं पीठ आंबवल्यानं ते भरून निघेल असं व्हॉट्सॲपवर फिरतं, त्याच्या नादी लागू नका. नाना रोज रात्री पेलाभर दूध घेतात, त्यांना ते पचतं. मुंग्या पुष्कळ कमी आहेत. बाकावर ते या इंजेक्शनांना 'जनुकीय उपचार' म्हणतात आणि कुणी त्यांना दुरुस्त करत नाही.

तेव्हा वाचकहो, घरात कुणी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असेल, शाकाहारी असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा जीभ लाल होऊन सोलवटली असेल, तर नळीत थुंकण्याआधी बी-१२ची तपासणी करून घ्या, आणि फोलेटच्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नका. मात्र गरोदर राहायचं ठरलं असेल, तर डॉक्टरांनी दिलेलं फॉलिक ॲसिड जरूर घ्या. ज्यांची मुळं विदर्भात किंवा सातपुड्याकडे आहेत, त्यांनी मुला-मुलीच्या पत्रिकेतले छत्तीस गुण जुळवण्याआधी दोघांची सिकलसेलची तपासणी करावी. ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते आणि तिला रक्ताचे काही थेंब पुरतात.